शेवटचा शब्द दोनदा

१

ती कवळ्या बनवायची, म्हणून ओळखीतले सगळे तिला दातवाली म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. तोंडात एकही दात न उरलेली माणसं तिच्या हातची कवळी लावून आरशासमोर उभी राहत, आधी हसत आणि मग डोळे पुसत. तेवढ्यासाठी तिला कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

रोज सकाळी दातांच्या लॅबमध्ये जाण्याआधी ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, ओट्यावरच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची आणि 'मागोमाग' सुरू करायची. परकी भाषा कानात मुरवायचं हे अ‍ॅप. त्यातली एक बाई तिकडच्या भाषेत एक वाक्य बोलायची, आणि आपण ते संपायची वाट न बघता, तिच्या टाचेवर पाय देत चालावं तसं मागोमाग बोलायचं. मग बाई गप्प व्हायची, पडद्यावर 'आता तुम्ही' अशी अक्षरं यायची, आणि त्या मोकळ्या जागेत तेच वाक्य एकट्याने म्हणायचं. जमलं तर मार्क. नाही जमलं तर 'पुन्हा ऐका'. या 'पुन्हा ऐका'ने तिच्या नाकी नऊ आणले होते.

पण सोडून देणं परवडणारं नव्हतं. नवरा नोकरीसाठी परदेशात जाऊन बसला होता, त्यालाही आता वर्षं झाली. तिकडच्या एका लॅबला त्याने तिच्या कामाचे फोटो दाखवले होते, आणि लॅब तिला घ्यायला तयार होती. अट एकच, तिकडच्या भाषेची ऐकण्या-बोलण्याची परीक्षा पास व्हायची. पास झाली तर ती आणि सासरे दोघंही त्याच्याकडे राहायला जाणार होते. दोनदा ती नापास झाली होती, आणि तिसरी संधी शेवटची, असा तिकडचा नियम. ही हुकली की घर कायमचं फोनवरच चालणार होतं.

तिचे मार्क जायचे ते एकाच सवयीपायी. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, कमी ऐकू यायचं. उमेदीची सगळी वर्षं छापखान्याच्या खडखडाटात गेलेली. कानाचं यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळ आपल्या डबीत आराम करत असे. "त्याने नुसता गोंगाट वाढतो," असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे दातवालीला प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द दोनदा म्हणायची सवय लागली होती. "बाबा, गोळी घ्या, घ्या." "मी निघाले, निघाले." परक्या भाषेतही जीभ तशीच वळायची. 'जास्तीचा शब्द', असं अ‍ॅप बजावायचं आणि मार्क कापून मोकळं व्हायचं.

ती काही हटली नाही. शेवटी एका सकाळी एकही जास्तीचा शब्द न येता अख्खा धडा पार पडला. पैकीच्या पैकी! तिने हातातल्या फडक्याचा झेंडा केला आणि ओट्यासमोर एक गिरकी घेतली.

"काय झालं गं?" बाहेरून बाबांनी विचारलं.

"पैकीच्या पैकी मिळाले, मिळाले!"

"बरं बरं, ठेव तिथेच," बाबा म्हणाले. म्हणजे काहीही ऐकू आलं नव्हतं.

२

दुसऱ्या सकाळी तिने नवा धडा लावला. 'मला स्टेशनकडे जायचं आहे,' अशा अर्थाचं सोपं वाक्य. बाई नेहमीच्या गोड, इस्त्री केलेल्या आवाजात बोलली, आणि शेवटचा शब्द दोनदा म्हणाली.

दातवालीने मागे घेऊन ऐकलं. दोनदाच होता. पुढचं वाक्य लावलं, तिथेही तेच. रेकॉर्डिंग अडकत असेल, तिने मनाशी ठरवलं. पण अडकायचं तर ते मध्येच कुठेतरी अडकलं असतं, नेमकं प्रत्येक वाक्याच्या शेवटीच का? तिने नवऱ्याला फोन केला आणि तोच धडा त्याच्या फोनवर लावायला सांगितला.

"माझ्याकडे तर एकदाच म्हणतेय," तो म्हणाला. "तुझ्या कानात बाबा शिरलेत."

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते.

मग फ्रिजची भानगड झाली. त्यांचा फ्रिज जुना. चालता चालता बंद पडताना तो एक हिसका द्यायचा आणि दारातल्या बाटल्या एकमेकींवर वाजायच्या. त्या दिवशी बाईचं वाक्य संपलं, पडद्यावर 'आता तुम्ही' आलं, तेवढ्यात फ्रिजने हिसका दिला आणि बाटल्या वाजल्या. दातवाली बोलायला तोंड उघडणार, तोच फोनमधून हलकेच तोच हिसका ऐकू आला आणि त्याच बाटल्या वाजल्या. तिने फ्रिजच्या दारावर हात ठेवला. दार गार आणि अगदी स्थिर होतं. फोनमध्ये बाटल्या आणखी एकदा वाजल्या.

माइक चालू असतो, आपलाच आवाज फिरून येत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. हे कारण पटवून घ्यायलाच हवं होतं, कारण परीक्षा तोंडावर आली होती. तरी लॅबमध्ये मेणात दात बसवताना एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. इतके दिवस ती त्या बाईच्या टाचेवर पाय देत चालत होती. आज तिच्या टाचेवर कुणाचा तरी पाय पडला होता.

३

एक दिवस घाईत ती फोन घरीच विसरली. संध्याकाळी परतली तेव्हा बाबा मोठ्या खुशीत होते.

"दुपारी आली होतीस, ती लगेच गेलीस पण?"

ती जवळ जाऊन त्यांच्यासमोर बसली. "मी लॅबमध्येच होते, बाबा. दिवसभर, दिवसभर."

"मग 'चहा ठेवलाय, ठेवलाय' कोण म्हणालं? आत जाऊन बघतो तर चहाही नाही आणि तूही नाही. म्हटलं, गेली असेल गच्चीवर कपडे काढायला."

"कानाला यंत्र होतं का?" तिने कानाकडे बोट दाखवलं.

"तेच तर सांगतोय! यंत्र डबीत, तरी पहिल्या झटक्यात कळलं. आणि दोन्ही वेळा अगदी तंतोतंत सारखं बोललीस हो. असंच बोलत जा की रोज."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती स्वयंपाकघरात गेली. सकाळी फोन ओट्यावर पालथा पडलेला तिला चांगला आठवत होता. आता तो डब्याला टेकून उभा होता. बाबांनी उचलून ठेवला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, पण बाबांना विचारायची हिंमत केली नाही. तिने बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं होती, 'आता तुम्ही'.

४

त्यानंतर तिचा आवाज जायला लागला.

घसा दुखत नव्हता, सर्दी नव्हती. आवाज तोंडातून नीट निघायचा, पण पोचायचा नाही. आधी अ‍ॅपनेच सांगितलं, 'आवाज ऐकू आला नाही'. मग लॅबमध्ये पॉलिश करणाऱ्या मावशींनी मशीन बंद करून विचारलं, "काय म्हणालीस?" तिने पुन्हा सांगितलं. मावशींनी कान पुढे केला. "अगं, मोठ्याने बोल की. दिवसभर दात लावून लावून तुझीच दातखीळ बसली का?"

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. "थोडं कमी बोला," म्हणाले. बाबांना तर आता कानाशी ओरडून सांगितलेलंही पोचेना. तरी मधूनच ते स्वयंपाकघराकडे मान वळवायचे आणि "हो हो, आलो," असं म्हणायचे. ती त्यांच्या शेजारीच बसलेली असायची.

सुटीच्या दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"हॅलो? अगं, ऐकू येतंय का? हॅलो?"

"येतंय, येतंय!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"तुझा आवाजच येत नाहीये. थांब, परत लावतो. हां, आता आला स्पष्ट."

दातवालीने तोंड उघडलंही नव्हतं.

"हो, जेवलो मघाशीच," नवरा म्हणाला. जरा थांबला आणि हसला. "वेडी कुठली. मलाही येते."

तिने फोन कानाशी घट्ट दाबला. खूप आत, भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी बोलावं तसा, तिचा स्वतःचा आवाज म्हणत होता, "तुझी आठवण येते, येते." दोन्ही शब्द एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. तिची बोबडी वळली. तिने फोन बंद केला आणि तो हातातून खाली सोडून दिला.

बऱ्याच वेळाने तिने तो उचलला आणि 'मागोमाग'वर बोट दाबून धरलं. 'काढून टाकायचं?' फोनने विचारलं. बोट 'हो'वर गेलं आणि तिथेच थबकलं. लॅबमध्ये कवळी आत असताना साचा कधी घाईने फोडत नाहीत. आधी आतली वस्तू सांभाळून सोडवून घ्यावी लागते. हे काढून टाकलं, तर माझा आवाज कुणाकडे राहणार? तिने बोट मागे घेतलं. डोकं अजून ताळ्यावर होतं, आणि त्याचा तिला त्याही अवस्थेत अभिमान वाटला.

५

परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन घरीच ठेवून गेलेली ती सकाळीच बाजारातून परतली, तर बाबा कोचावर आडवे झालेले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट शेजारी उघडं पडलेलं. तिने त्यांच्या पायांखाली उशा सरकवल्या आणि धावत जाऊन वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना हाताला धरून खाली आणलं. गोळी दोनदा पोटात गेली होती. दाब फार खाली गेला नव्हता, हे नशीब. "पडून राहू द्या, येईल वर," डॉक्टर म्हणाले, "पण पुन्हा असं होऊ देऊ नका."

बाबांना जरा तरतरी आली, तसे ते तिच्यावरच रागावले.

"तूच म्हणालीस ना आतून, 'गोळी घ्या, घ्या'? मी विचारलं, 'अगं, सकाळची तर घेतली, आता ही कुठली?' तर पुन्हा तेच, 'गोळी घ्या, घ्या'. मी म्हटलं, 'काय?' तरी तेच. पूर्वी असं नव्हतं तुझं. मला कळलं नाही की दुसऱ्यांदा जवळ यायचीस, हातवारे करायचीस, निराळं सांगायचीस. हल्ली नुसतं तेच ते म्हणत राहतेस."

इतके दिवस पाचावर धारण बसली होती, त्या जागी आता दातवालीच्या डोक्यात तिडीक गेली. आवाज न्यायचा तर न्या मेल्यांनो, पण म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळता? आणि त्या रागातच तिला बाबांचं बोलणं नीट उमजलं. तिचा दुसरा शब्द कधीच पहिल्यासारखा नव्हता. पहिला नुसता म्हटलेला असायचा, दुसरा पोचवलेला असायचा. ते जे कुणी आत बसलं होतं, त्याने शब्द तेवढा उचलला होता. तो कशासाठी, ते त्याच्या गावीही नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली, दार लावलं आणि डब्याला टेकवून फोन उभा केला. ओट्यावर सकाळचं स्वच्छ ऊन होतं. धडा सुरू झाला. बाई बोलली ती आता पूर्णपणे दातवालीच्याच आवाजात. 'आता तुम्ही', अशी अक्षरं आली.

दातवालीने ओठ मिटून घेतले.

मोकळी जागा संपायची वेळ झाली. मग आणखी थोडी लांबली. फोनमध्ये कुणीतरी श्वास रोखून धरला होता. मागोमाग जायचं, तर पुढे कुणीतरी चालायला हवं होतं.

"आता तू," दातवाली म्हणाली. आवाज जेमतेम ओठांबाहेर आला. "बाबा, पाणी हवंय का, हवंय का?"

"बाबा, पाणी हवंय का, हवंय का?" फोन म्हणाला. भरदार, गोल, तिचा हक्काचा आवाज.

"मला ऐकू आलं नाही. काय हवंय?"

"बाबा, पाणी हवंय का, हवंय का?"

"पुन्हा ऐक." ती पुढे वाकली, ओंजळ तोंडाशी नेली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पाणी. तहान लागलीय? आणून देऊ?"

आत काहीतरी चाचपडलं. "बाबा, पाणी..."

"पुन्हा ऐक!"

या दोन शब्दांनी तिला महिनोन् महिने छळलं होतं. आज तिने सगळं उट्टं काढलं. ती बाबांना समजावायची तसं बोलली, नवऱ्यावर रुसायची तसं बोलली, मावशींची नक्कल केली, मध्येच विषय बदलला, मध्येच उलट प्रश्न विचारला. ते मागोमाग धावत होतं, ठेचकाळत होतं, मागच्या वाक्याचं शेपूट पुढच्याला जोडत होतं. "पुन्हा ऐक! पुन्हा ऐक!" प्रत्येक खेपेला तिचा आवाज एक पायरी वर चढत होता आणि त्याचा एक पायरी खाली उतरत होता. मग तिचा आवाज त्याच्यावरून सालपटासारखा निघाला. खाली बाईचा इस्त्री केलेला आवाज होता. त्याच्याही खाली एका म्हाताऱ्याचं खाकरणं, कुण्या लहान मुलीचं बोबडं बोलणं, कुणाचा तरी वाक्याआधीचा आवंढा. प्रत्येकाची भाषा निराळी, प्रत्येकाची छोटी खोड निराळी. किती घरांतल्या ओट्यांवर असा फोन उभा राहिला असेल, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि काचेत तिला तिचा चेहरा दिसला. तिचे ओठ मिटलेले होते. काचेतले ओठ अजून हलत होते, अर्ध्या शब्दाने मागे. त्यांच्या आत एकही दात नव्हता. नुसत्या हिरड्या, आणि त्यांवरून पुढचा शब्द शोधत फिरणारी जीभ.

मग तिला आतून हसण्याची उकळी फुटली. उमेदीची वर्षं बोळक्या तोंडांत बोटं घालण्यात गेलेल्या बाईला ते असलं तोंड दाखवून घाबरवायला निघालं होतं!

"शून्य मार्क," ती म्हणाली. "नापास." आणि मग काचेला नाक लागेल इतकी जवळ जाऊन, दुसऱ्यांदा, पोचेल असं, "नापास!"

डब्याचं झाकण झणझणलं. काचेत तिचा साधा, मिटल्या ओठांचा चेहरा उरला.

"अगं, हळू!" बाहेरून बाबा ओरडले. "बहिरा नाहीये मी!"

यंत्र डबीतच होतं. दातवाली ओट्याला धरून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आपलं हसणं कानावर पडल्यावर तिला आणखीच हसू आलं.

६

परीक्षेच्या हॉलमध्ये लाकडी आडोशांच्या खोपट्या होत्या आणि प्रत्येकीत एक हेडफोन. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी जागा सोडली. त्या जागेत, अगदी तळाशी, कुणीतरी आवंढा गिळला. शेजारच्या खोपटीतल्या माणसाने हेडफोन काढून त्याच्याकडे उलटसुलट बघितलं.

'आता मी,' दातवाली मनात म्हणाली आणि बोलायला लागली. मग सगळे प्रश्न संपेपर्यंत तिकडे कुणी आवंढासुद्धा गिळला नाही.

शेवटी समोरासमोर बोलायचं होतं. परीक्षक म्हातारी होती आणि एका कानामागे हात धरून ऐकत होती. दातवालीला घरी आल्यासारखं वाटलं. तिने शेवटचे शब्द बिनदिक्कत दोनदा म्हटले. दुसऱ्यांदा जरा पुढे वाकून, हातांनी दाखवत, निराळ्या शब्दांत. म्हातारीने कानामागचा हात काढला आणि मान डोलावली. असं सुखाने ऐकणारं माणूस दातवालीला फार दिवसांत भेटलं नव्हतं.

ती पास झाली. नुसती नाही, चांगली दणदणीत. नवरा फोनवर इतक्या मोठ्याने ओरडला की बाबांनी कानांवर हात ठेवले. मावशींनी सगळ्या लॅबला गोळा केलं आणि पॉलिशच्या मशीनवर हात ठेवून जाहीर केलं, "आता तिकडचे लोकही आपल्या हातच्या दातांनी हसणार!" दातवालीने नवा फोन घेतला. जुना बंद करून, बॅटरी पार उतरू देऊन, टॉवेलांच्या कप्प्यात तळाशी ठेवला. कुणाला विकायला किंवा देऊन टाकायला तिचं मन धजावलं नाही.

सामान बांधणं सुरू झालं, तसा बाबांनी हट्ट धरला की त्यांनाही तिकडची भाषा यायला हवी. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. फोन नाही, हेडफोन नाही, तोंडासमोर तोंड. स्टेशनकडे जायचं ते सोपं वाक्य तिने सावकाश सांगितलं. बाबा तिच्या ओठांकडे टक लावून बसले, आणि मग त्यांनी अख्खं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. शेवटचा शब्द दोनदा. तसाच ऐकला होता ना त्यांनी तो!

"शाब्बास!" दातवालीने टाळी वाजवली.

तिच्या पाठीमागे, टॉवेलांच्या कप्प्यात, कुणीतरी बारीक, झिजलेल्या आवाजात तेच वाक्य म्हणायला सुरुवात केली. चाचपडत शेवटपर्यंत आलं आणि शेवटच्या शब्दाशी अडखळलं.

बाबांनी मान वळवली. "कोण गं ते?"

दातवालीने मागे वळूनही बघितलं नाही.

"पुन्हा ऐक," ती म्हणाली, आणि कप्पा गप्प झाला.

"कुणी नाही, बाबा," तिने त्यांचा हात हातात घेतला. "एक नापास विद्यार्थी आहे. तुमचं चालू द्या." मग जरा जवळ सरकून, हसून, "म्हणा ना पुढे."